खडखड

बाबांना ट्राममध्ये बसायचं होतं आणि आम्ही राहतो पुण्यात. खरं म्हणजे विषय तिथंच संपायला हवा होता. या शहरानं टांगे पाहिले, सायकलींचे थवे पाहिले, पीएमटीच्या लाल बस पाहिल्या, आता मेट्रोही पाहिली. ट्राम मात्र पुण्यात कधी धावलीच नाही. पण ऐंशीला टेकलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. त्यांना ते माहीतच असतं.

बाबा मूळचे लालबागचे. १९६८ साली पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, पुढे कोथरूडला फ्लॅट घेतला, आणि तेव्हापासून पक्के पुणेकर झाले असं आम्ही समजत होतो. पाट्या लिहिण्याइतके पुणेकर नक्कीच झालेत. सोसायटीच्या जिन्यातली चपलांबद्दलची पाटी त्यांचीच आहे. पण गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने पलंगावर पडून राहावं लागलं, आणि त्या दोन महिन्यांत बाबा हळूहळू लालबागला परत गेले. रोज एक गोष्ट. त्यातल्या निम्म्या गोष्टींत ट्राम यायचीच.

सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच ट्रामच्या रुळावर ठेवायचं. ट्राम गेली की बूच चपटं, पातळ, कडा धारदार. मग खिळ्यानं दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि दोन्ही हातांनी ताणून गरगर फिरवायचं. भिंगरी. ‘भुर्रर्र आवाज यायचा,’ बाबा सांगायचे आणि पलंगावर पडल्या पडल्या दोन्ही हात हवेत पुढे-मागे करून दाखवायचे. ट्रामच्या छपरावर एक लांब दांडी असायची, तिच्या टोकाची चाकी वरच्या तारेला घासत वीज घ्यायची. दांडीला मागे दोरी. ती दोरी खाली ओढली की दांडी तारेवरून सुटायची आणि ट्राम जागच्या जागी थांबायची. हे कोण ओढायचं, असं विचारलं की बाबा म्हणायचे, ‘पोरं.’ त्या पोरांत आपण होतो की नव्हतो, हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

आणि मग ३१ मार्च १९६४. त्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामनं सुरू झालेला प्रकार, १९०७ च्या मे महिन्यात घोडे जाऊन वीज आली, १९२० साली दुमजली ट्राम आल्या, आणि त्या रात्री सगळं संपलं. निरोप द्यायला लोकांनी तोबा गर्दी केली होती. बाबा अठरा वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी कसलीशी परीक्षा होती आणि आमच्या आजोबांनी त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. ‘नापास झालोच,’ बाबा म्हणतात. ‘जाऊन तरी आलो असतो.’ साठ वर्षं झाली, आजोबा जाऊनही चाळीस झाली, पण ही तक्रार अजून ताजी आहे.

तर त्यांना ट्राममध्ये बसवायचं, असं मी ठरवलं. पहिला विचार अर्थातच कोलकात्याचा. तिथं १८७३ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, म्हणजे मुंबईच्याही एक वर्ष आधी, आणि थोडीफार का होईना अजून धावते. पण गुडघ्याच्या डॉक्टरांनी इतक्या लांबच्या प्रवासाला सहा महिने तरी थांबा म्हणून सांगितलं. बाबांनी सहा महिने या शब्दावर छताकडे पाहिलं. ऐंशीव्या वर्षी सहा महिन्यांचा हिशेब वेगळा असतो.

मग ताईनं परस्पर मार्ग काढला. ती इंग्लंडमध्ये डर्बीला राहते. तिथून जवळच क्रिच नावाच्या गावात एक जुनी चुनखडीची खाण आहे आणि त्या खाणीत ट्रामचं संग्रहालय आहे. ‘संग्रहालय म्हणजे दोरी बांधून “हात लावू नये” नव्हे,’ ती म्हणाली. ‘गाड्या चालतात. आपण बसायचं. दिवाळीनंतर रविवारी जाते आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावते.’

त्या रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मोबाइलवर दिसायचं म्हणून. मी फोन उदबत्तीच्या घरासमोर पातेल्याला टेकवून उभा केला, बायकोनं चहा आणि उरलेली चकली आणून ठेवली, आणि संध्याकाळी ताईचा फोन आला. तिच्याकडे दुपार. आभाळ भरलेलं, तिच्या डोक्यावर टोपी, मागे दगडी इमारती आणि त्यांच्यामधून जाणारे रूळ.

दारातच तिच्या हातावर एक जुना पेनी ठेवला होता. हे भाडं. मोठ्यांना एक पेनी, पोरांना अर्धा. पहिल्या फेरीला तो कंडक्टरला द्यायचा आणि तिकीट घ्यायचं, मग दिवसभर हव्या तितक्या फेऱ्या मारा. हा पेनी इंग्लंडच्या बाजारात केव्हाच बंद झालाय. केवळ या एका प्रवासापुरता तो अजून चालतो. बाबांना हे फार आवडलं. ‘म्हणजे त्यांनी भाडं वाढवलं नाही,’ ते म्हणाले.

ताईनं सगळं फिरवून दाखवलं. घोड्याची एक ट्राम होती, शेफील्ड शहराची, १५ नंबरची, बांधलेली १८७४ साली. म्हणजे मुंबईत पहिली ट्राम धावली त्याच वर्षी. ग्लासगोची होती, लीड्सची होती, लंडनची होती, आणि आश्चर्य म्हणजे जोहान्सबर्ग, न्यूयॉर्क, प्राग अशा लांबलांबच्या शहरांतल्याही होत्या. मुंबईची आहे का, असं बाबांनी तीनदा विचारलं. ताईनं शोधलं. तिला दिसली नाही. बाबा गप्प झाले, मग म्हणाले, ‘भंगारात घातल्या असतील. आपल्याकडे काय, पत्रा दिसला की विक.’

तिथल्या लोकांनीही सुरुवातीला विकतच घेतली होती, फक्त भंगारवाल्याच्या आधी. १९४८ साली ट्रामची आवड असलेली काही मंडळी साउदम्प्टनला शेवटची चक्कर मारायला गेली आणि येताना ४५ नंबरची ट्राम दहा पौंडांना विकत घेऊन बसली. ठेवायची कुठं हा प्रश्न नंतरचा. त्यातूनच हा संसार उभा राहिला. १९५९ साली त्यांना क्रिचची ही खाण मिळाली. या खाणीतून खाली भट्टीपर्यंत चुनखडी न्यायला रेल्वेवाल्या जॉर्ज स्टीफन्सननं एकेकाळी रूळ टाकले होते. म्हणजे ट्राम नव्हती, पण रुळांना जागा सरावाची होती. सुट्टीच्या दिवशी येऊन, आपल्या हातांनी रूळ टाकून, खांब उभारून त्यांनी आधी घोड्याची आणि मग १९६४ साली विजेची ट्राम चालू केली.

‘किती साली?’ बाबांनी विचारलं.

‘चौसष्ट.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तिकडे चालू झाली त्या वर्षी इकडे बंद झाली. त्यात कोणाचा कोणाशी संबंध नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण चकली खाणं थांबलं.

मग ताई ट्राममध्ये बसली. वरच्या मजल्यावर, पुढच्या खिडकीशी. सीटच्या पाठी उलट्या करता येतात. गाडी शेवटच्या थांब्याला पोचली की पाठ पलीकडे ढकलायची आणि पुन्हा पुढे तोंड करून बसायचं. कंडक्टरनं घंटा दिली. गाडी हलली. झाडं, दगडी कमान, मग उजवीकडे सगळं खोरं उघडं. ताईनं फोन बाहेर धरला, मग वर तारेकडे, मग खाली. आम्ही दोघं पातेल्याला टेकलेल्या त्या चौकटीत डोकं घालून बसलेलो.

‘आवाज?’ बाबा म्हणाले.

मी आवाज पूर्ण वाढवला. ताईचा श्वास ऐकू येत होता. शेजारच्या बाईचं खोकणं ऐकू आलं. ट्राम मात्र ढगासारखी चालली होती, एकदम निःशब्द.

‘ताई, ट्रामचा आवाज येत नाही!’

‘अरे केवढा येतोय! मला तुझं बोलणं ऐकू येईना, इतका!’

कारण नंतर भाच्यानं सांगितलं. व्हिडिओ कॉलमध्ये माणसाचं बोलणं स्वच्छ यावं म्हणून मागची सततची घरघर, पंख्याचा, रस्त्याचा आवाज फोन आपोआप गाळून टाकतो. त्याच्या दृष्टीनं ट्रामची खडखड म्हणजे गोंगाट. गाळली. कॉलची कुठली तरी सेटिंग बदलून ते बंद करता येतं म्हणे, पण तोपर्यंत ताई खाली उतरून चहा प्यायला गेली होती.

बाबा उठून गॅलरीत गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, ‘मुकी ट्राम पाहिली. ट्राम कानांनी ऐकायची नसतेच खरं तर. बुडाखालून ऐकायची असते.’

यातून मग फुलराणी निघाली. बायकोनं सुचवलं, श्रेय तिचं. ‘बुडाखालून खडखड हवी ना? मग सारसबागेशेजारी आहे की.’

मला पहिल्यांदा हसू आलं. फुलराणी म्हणजे पोरांची झुकझुकगाडी. मी दुसरी-तिसरीत असताना शाळेच्या सहलीत बसलो होतो. तेव्हा पेशवे पार्कात प्राणिसंग्रहालय होतं, गाडीतून पिंजरे दिसायचे, सिंहाचा वास सारसबागेपर्यंत यायचा. १९९९ साली प्राणी कात्रजला गेले. पण गाडी आहे ती १९५६ ची. ८ एप्रिल १९५६ ला सुरू झाली. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. ‘म्हणजे ही चालू झाली तेव्हा आमची ट्राम चालूच होती. मी दहा वर्षांचा.’ एवढ्या नात्यावर ते तयार झाले. अट एकच: जोशींचं रेल्वे म्युझियमही त्याच दिवशी. ‘रिक्षाचं भाडं वसूल व्हायला पाहिजे.’ कोथरूडला इतकी वर्षं काढून ते पाहिलेलं नव्हतं. आपल्या गल्लीतलं कोण बघतं? पर्वतीवर न चढलेले सदाशिव पेठी मला माहीत आहेत.

डिसेंबरातला एक शनिवार ठरला. सकाळी म्युझियम.

कर्वे रस्त्यावरून आत, जी. ए. कुलकर्णी पथावर हे जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज आहे. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं, १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालेलं. तारखेमुळे कोणाला एप्रिल फूल वाटलं असेल तर ती त्याची चूक. बाहेरून पाहिलं तर आत गाव आहे असं वाटणार नाही. तिकीट काढून आत गेलो. शाळेची वीस-पंचवीस मुलं आणि आम्ही दोघं.

मधोमध एक आख्खं शहर मांडलेलं. इमारती, उड्डाणपूल, सर्कस, मोटारीत बसून सिनेमा बघायचं उघडं थिएटर. रूळ सगळीकडून, एकावर एक. दिवे मंद झाले, निवेदन सुरू झालं, शहरात रात्र पडली आणि खिडक्याखिडक्यांत उजेड लागला. मुलांनी एका आवाजात ‘ओऽऽ’ केलं. बाबांनी केलं नाही, पण चष्मा पुसून पुन्हा घातला.

गाड्या निघाल्या. वाफेच्या इंजिनाची गाडी, लांबच्या पल्ल्याची चपटनाकी वेगवान गाडी, आणि वरून टांगलेली, रुळाच्या खाली लोंबकळत जाणारी रेल्वे. तसली खरी जर्मनीत वुपरटाल गावात १९०१ पासून चालते आहे, नदीच्या डोक्यावरून. मुलांना तीच सर्वांत आवडली. बाबांचं लक्ष भलतीकडेच होतं. एका गाडीला सिग्नल लाल मिळाला, ती थांबली, दुसरी निघून गेली, मग हिची सुटली. कोणी हात लावला नाही. बाबा माझ्या कानात म्हणाले, ‘इंटरलॉकिंग.’ म्हणजे एकीला वाट दिली की दुसरीचा सिग्नल आपोआप लाल राहतो, ती व्यवस्था. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले, ‘बघितलंस? इंटरलॉकिंग.’ चाळीस वर्षं मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला धावत्या गाडीपेक्षा थांबलेली गाडी जास्त सांगत असावी.

या गाड्या एकास सत्त्याऐंशी प्रमाणाच्या. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान. सहा फुटी माणूस यात दोन सेंटिमीटरचा होतो. प्रमाणवेळ असते तसं दोन रुळांमधल्या अंतराचंही, म्हणजे गेजचं, एक प्रमाण असतं, स्टँडर्ड गेज, १४३५ मिलिमीटर. त्याचे इथं होतात साडेसोळा. बाबांनी डोळ्यांनी माप घेतलं होतं, ‘सोळा असेल’ म्हणाले होते. फिटरच्या डोळ्याला अर्ध्या मिलिमीटरची चूक मी माफ केली. त्यांनी स्वतःला केली नाही. ‘मोतीबिंदूच्या आधी नसती झाली,’ असं रिक्षापर्यंत बोलत राहिले.

आवाज होता का? होता. बारीक सर्रर्र, शिलाई मशीन दुसऱ्या खोलीत चालू असावी तसा. ‘गोड आहे,’ बाबा म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे. खरंच गोड होता. पण तो कानांचा आवाज होता.

दुपारी घरी येऊन जेवण, आणि एक ते चार वामकुक्षी. यात कोणीही विनोद शोधू नये. गुडघ्याला ती लागतेच.

चारनंतर निघालो. मी रिक्षा बोलावणार होतो, पण बाबांनी मेट्रोचा हट्ट धरला. आनंदनगरला चढलो. ऐंशीला टेकलेला माणूस मेट्रोत शिरतो तेव्हा तीन कॉलेजची मुलं एकदम उठतात, आणि बाबांना ते आवडत नाही. पण आज ते निमूट बसले, कारण त्यांना खिडकीतून शेजारचा रूळ बघायचा होता. नळस्टॉप गेलं, गरवारे गेलं. डेक्कनला नदी लागली तेव्हा बाबा म्हणाले, ‘याचा गेज काय?’

मी फोनमध्ये शोधलं. १४३५.

‘आमच्या ट्रामचा तोच.’

मला वाटलं ते सहज म्हणतायत. ते पण बघितलं. मुंबईची ट्राम खरोखरच स्टँडर्ड गेजवर होती, चार फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर. आपल्या मोठ्या रेल्वेचा रूळ याहून रुंद, १६७६ चा. म्हणजे डेक्कन क्वीन पुण्याच्या मेट्रोच्या रुळावर मावणार नाही, पण लालबागची ट्राम मावली असती. विजेचं जमलं नसतं. ट्रामला साडेपाचशे-सहाशे व्होल्ट डीसी लागायचे, इथं वरच्या तारेत पंचवीस हजार एसी. ‘एका झटक्यात भजी झाली असती,’ बाबा प्रसन्नपणे म्हणाले. समोर उभ्या असलेल्या मुलीनं कानातला इअरफोन काढून आमच्याकडे पाहिलं.

सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. एक मेट्रो वर हवेत येते आणि स्वारगेटची खाली जमिनीत, जवळजवळ तेहतीस मीटर खोल. सरकत्या जिन्यांनी उतरत राहायचं, उतरत राहायचं, आणि मग वाटतं आता पाताळातले राक्षस तिकीट तपासायला येतील. बाबा प्रत्येक जिन्याच्या शेवटी पाय उचलायच्या आधी थांबायचे, मागच्या लोकांची रांग लागायची, आणि मी माफी मागत उभा. तिसऱ्या जिन्याला एक आजी म्हणाल्या, ‘अहो सावकाश, आम्हांला कुठं विमान पकडायचंय.’

मंडई गेली ती डोक्यावर आहे यावर बाबांचा विश्वास बसला नाही. स्वारगेटला वर आलो, रिक्षा केली, आणि पेशवे पार्कच्या दारात उतरलो. आता त्याला ऊर्जा उद्यान म्हणतात. लोक अजून पेशवे पार्कच म्हणतात.

फुलराणीच्या तिकिटाला रांग होती. पुढे मागे सगळ्या आया, आज्या, आणि कडेवरची, हाताला धरलेली, जमिनीवर लोळणारी पोरं. रांगेत पोराशिवाय आलेले आम्हीच दोघं. मला कसंतरी व्हायला लागलं. एक ऐंशी वर्षांचा आणि एक पन्नाशी उलटलेला, दोघंही चष्मेवाले, हातात काठी एकाच्या. मी उगीच फोनकडे बघत उभा राहिलो, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखा.

खिडकीपाशी पोचलो.

‘दोन द्या,’ बाबा म्हणाले.

आतल्या माणसानं वाकून आमच्या दोन्ही बाजूंना खाली पाहिलं. ‘पोरं कुठायत?’

बाबांनी काठीनं माझ्याकडे खूण केली. ‘हा काय. माझा.’

मागची बाई हसली, तिची मुलगी हसली, खिडकीतला माणूसही हसला. दोन तिकिटं मिळाली. दोन्ही मोठ्यांची, मी तसा प्रयत्न केला नाही.

गाडी आली. मी तिच्याकडे चाळीसेक वर्षांनी पाहत होतो, आणि ती माझ्या आठवणीपेक्षा इतकी लहान होती, की मीच काहीतरी चुकलो असं वाटलं. डबे उघडे, बाकं मुलांच्या मापाची. बाबांचा नवा गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकतो, त्यापुढे कुरकुर करतो. एक पाय आत, दुसरा पाय कुठं, असं करत आम्ही त्यांना आडवं आत घातलं. समोरच्या बाकावर एक चार वर्षांचा मुलगा त्याच्या आजीबरोबर होता. त्यानं बाबांची काठी बघितली आणि विचारलं, ‘तुम्ही ड्रायव्हर?’

‘नाही रे. कंडक्टर.’

‘मग तिकीट द्या.’

बाबांनी आपलं तिकीट त्याला दिलं. आता मला काळजी, कोणी तपासायला आलं तर.

शिट्टी झाली. एक हिसका बसला, मग दुसरा, आणि गाडी चालू लागली. वेग म्हणाल तर पळत जाणाऱ्या पोराइतका. जुनी झाडं दोन्ही बाजूंनी, त्यांच्यामधून मधूनच पर्वतीची टेकडी, खालच्या कठड्याला धरून पोरं हात हलवणारी. आणि खडखड. रुळांचे सांधे लागले की खटक्-खटक्, वळण आलं की लोखंडाची लांब कर्रर्र, आणि सगळ्यांत खाली एक जाड थरथर, जी बाकाच्या फळीतून वर चढून दातांपर्यंत येत होती. समोरचा मुलगा ‘आऽऽऽ’ असा आवाज काढून तो थरथरताना ऐकत होता. हे मीही लहानपणी केलेलं. आपला आवाज असा तुकड्या-तुकड्यानं बाहेर पडताना फार मजा वाटते.

बाबांकडे पाहिलं. त्यांनी कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. दोन्ही हात बाकाच्या फळीवर पालथे, डोळे मिटलेले.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं.

एक मोठं वळण आलं तेव्हा ते डोळे न उघडता मोठ्यानं म्हणाले, ‘सांधा सैल आहे इथला.’ यंत्राशिवाय ते फार मोठ्यानं बोलतात. पुढच्या डब्यातल्या चार बायका वळल्या. सांधा सैल होता की नाही मला माहीत नाही. मला सगळेच सांधे सारखे वाटले. पुढे सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला ते हे पुन्हा सांगत होते, असं मला त्यांच्या पुटपुटण्यावरून वाटलं.

गाडी थांबली. सगळे उतरले. बाबा उतरेनात.

‘बाबा, गुडघा?’

‘गुडघ्याला काय झालंय? जा, दोन काढून आण.’

रांग पुन्हा पहिल्यापासून. मी पुन्हा उभा राहिलो, आणि ह्या वेळी मला कसंतरी झालं नाही. खिडकीतल्या माणसानं मला ओळखलं. ‘पोरगा ऐकत नाही का?’ असं म्हणून त्यानं तिकिटं पुढे केली. तोपर्यंत बाबांना त्या डब्यातून उतरवून पुढच्या फेरीसाठी परत बसवलं होतं, कारण नियम तो नियम. दुसऱ्या फेरीत त्यांनी मला शेजारी घेतलं आणि सबंध फेरीभर १९६४ च्या मार्चबद्दल बोलत राहिले. परीक्षा कसली होती ते शेवटी त्यांना आठवलं: इंग्रजीची.

बाहेर सारसबागेच्या कडेला भेळ खाल्ली. बाबांनी लिंबू-सोडा मागितला; बाटली फोडली तेव्हा बूच खाली पडलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाबा काठीशिवाय वाकले. बूच उचललं, रुमालाला पुसलं, खिशात टाकलं. मग गाडीच्या रुळाच्या दिशेनं एक नजर.

‘बाबा. नाही.’

‘मी काही म्हटलंय का?’

दुसऱ्या दिवशी रविवार, दुपारचे दोन. स्वयंपाकघरातून ठाण-ठाण ऐकू आलं. बाबा ओट्याखाली पाटावर बसून वरवंट्यानं बूच चेपत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांनी जिन्यात चपला काढल्या, पाटीप्रमाणे, आणि दाराबाहेरूनच विचारलं, की एक ते चार या वेळात ठोकाठोकी करू नये अशी पाटी कोणी लावली होती. ती पण बाबांनीच लावलेली. बाबांनी त्यांना आत बोलावून भिंगरी दाखवली. काकू खाली गेल्या त्या हात पुढे-मागे करत.

संध्याकाळी ताईचा फोन आला. बाबांनी तो पातेल्याला नीट टेकवला, दोन पावलं मागे सरकले, दोऱ्याला पीळ दिला आणि ताणला. चपटं बूच गरगरायला लागलं. भुर्रर्र, भुर्रर्र, सबंध खोलीत. बायको कणीक मळता मळता बाहेर आली.

‘बाबा, काय करताय?’ ताई फोनमध्ये डोकं घालून विचारत होती. ‘नुसते हात हलताना दिसतायत. काही ऐकू येत नाही हो.’